अधिक बारा

बाबा, आज बाजारात शहापूरच्या त्या नवरीचे वडील भेटले. आता तेही माझ्यासारखेच म्हातारे झालेत. म्हणाले, "तुमच्या बाबानं त्या दिवशी तुमाले झाडलं, तवापासून तुमचे फोटो सुधरले. बाप असावा त असा!" मी हसलो, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तुमचा राग येतो.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दहाएक वर्षं झाली होती. फिल्मच्या रोलचे दिवस संपले होते. तुम्ही नागपूरहून नवा कॅमेरा आणि लेन्स आणलीत, आपोआप फोकस धरणारी. त्या लेन्सवर मी काढलेलं पहिलंच लग्न शहापूरचं. अल्बम घ्यायला नवरीचे वडील आपल्या फोटोच्या दुकानात आले, ते अजून दिसतात. पानं उलटताहेत, थांबताहेत, पुन्हा मागे जाताहेत. "भाऊ, आमच्या पोरीचे डोळे कुठी गेले? कान तेवढा झकास येऊन राहिला. झुमक्याचा मोतीन् मोती मोजून घ्या." खरंच, प्रत्येक फोटोत डोळ्यांवर धुकं आणि कानाशी लख्ख ऊन. तुम्ही चष्मा चढवून एकदा पाहिलंत आणि भरल्या दुकानात माझ्याकडे वळलात. "कविता पाठ करणाऱ्याच्या हाती कॅमेरा देल्ला, हे माहीच चूक. डोळा इथं अन् मन भलतीकडं. कायले जातं बे लग्नात? चांदणं पाहाले?" लोक हसले. मी पंचावन्न वर्षांचा होतो, बाबा. मलाही नातू होता. तुम्ही माझ्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतलात आणि मला पासपोर्ट फोटो कापायला बसवलंत.

सगळ्यात वाईट म्हणजे मला ते खरं वाटलं. शाळेतल्या कविता मी आजही गुणगुणतो, तेव्हाही गुणगुणायचो, धानाच्या बांध्यांवरून बगळे उठले की माझं बोलणं अर्ध्यावर राहायचं. वाटलं, असेल, माझीच नजर वाहवत गेली असेल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी डोळे ठणठणीत सांगितले, तर मला आणखीच लाज वाटली. म्हणजे दोष डोळ्यांत नाही, माझ्यातच.

मग एका दुपारी आई चुलीपाशी पोहे परतताना सहज बोलली. "तुह्या बाबानं माही करवतकाठी साडी टेबलावर तिरपी पसरून तिचेच फोटो काढले होते. नवा कॅमेरा आनला त्या दिवशी. काहून, कोणाले ठाऊक!" मी हातातली बशी खाली ठेवली. त्या कॅमेऱ्यात एक सोय होती. लेन्स नेम चुकून पुढे किंवा मागे धरत असेल तर एक आकडा वाढवून वा घटवून तिला ताळ्यावर आणता येतं. मी दुकानात जाऊन पाहिलं. तिथे शून्याच्या जागी अधिक बारा होतं.

विणकराच्या घरचं डोकं तुमचं! काठावरच्या करवतीच्या दातांची पट्टी करायची, मधल्या दातावर नेम धरायचा आणि कुठला दात स्पष्ट येतो ते पाहायचं. कल्पना सुरेख होती. पण काठ तिरपा होता, आणि कॅमेऱ्याच्या खिडकीत दिसतो त्या चौकोनापेक्षा यंत्राची नजर रुंद असते. ठसठशीत दिसेल ते ती आधी धरते. तिने अलीकडचा जाड लाल पट्टा धरला. तुम्हाला वाटलं, लेन्स पुढे धरते. तुम्ही तिला बारा पावलं मागे लोटलंत, चांगल्या लेन्सला! आणि कुणाला सांगितलं नाहीत.

मी आकडा शून्यावर आणला. माझ्या चौथीच्या पुस्तकातलं कवितेचं पान भिंतीवर सपाट चिकटवलं, कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर समोर सरळ लावला आणि शेजारी आईची करवतकाठी तिरपी बांधली. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा धरायला लावला, वीस वेळा. वीसही वेळा कवितेची ओळ कोरल्यासारखी आली, आणि काठाचा नेमका पानाच्या रेषेतला दात. लेन्स निर्दोष होती. मीही.

पुढच्या लग्नसराईत नागपूरहून बोलावलेला फोटोग्राफर आयत्या वेळी आला नाही, म्हणून तुम्ही नाइलाजाने कॅमेरा माझ्याकडे दिलात. फोटो आले, पापणीन् पापणी मोजावी असे. आणि तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत सुटलात, "एकदा कान पिळला ना, लायनीवर आला." मरेपर्यंत सांगितलंत. अंथरुणाला खिळल्यावर भेटायला येणाऱ्यांनाही तेच. मी उशाशी बसून ऐकत होतो. एक शब्द माफीचा नाही. तो येणार तरी कुठून, तुम्हाला चूक माहीतच नव्हती! पण भरल्या दुकानात बोलण्याआधी एकदा, फक्त एकदा, स्वतःचा हात तपासून पाहावा, असं तुम्हाला काहून वाटलं नाही?

गाव म्हणतं, बापाचा मान ठेवून पोरगा उलटून बोलला नाही. तसं नव्हतं, बाबा. तुम्ही चुकला आहात हे फक्त मलाच ठाऊक आहे, याची मला गोडी लागली होती. सांगितलं असतं तर ती गेली असती. म्हणून तुम्हाला फुशारकी मारू दिली, आणि मनातल्या मनात तुम्हाला हसत राहिलो, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.