दिलगिरीचा दांडगा अनुभव

आदरणीय दाजी,

धाकट्या मेव्हण्याचा (तोच तो, गिझरवाला) वाकून नमस्कार. पाकिटावर माझं नाव मुद्दामच घातलं नाही, नाहीतर तुम्ही ते न फोडता ताईच्या हातात दिलं असतंत आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं असतंत. तुमचा डावा गुडघा कसा आहे? ताई म्हणाली की जिना चढताना गप्प असतो, पण उतरताना फार कुरकुर करतो (हे ती गुडघ्याबद्दलच म्हणाली असावी). शेक घेत चला. गरम पाण्याचा म्हणणार होतो, पण तो विषय आपल्यात नको. इकडे सगळे खुशाल आहेत. मी तेवढा नाही, आणि माझ्यामुळे बाकीचेही बेताचेच.

कंपनीने आमचा तक्रार विभाग बंद केल्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. आता गिऱ्हाईक चिडलं की यंत्रच उत्तर देतं, आणि ते माझ्यापेक्षा चटकन दिलगीर होतं म्हणे. चार महिने झाले, घरी आहे. पहिल्या महिन्यात हिने मला आयता चहा दिला, दुसऱ्यात भाजी निवडायला दिली. आता ती शेजारच्या बाईंना सांगते की हे हल्ली घरून काम करतात, आणि आत येऊन माझ्याकडे एकदा बघते. दाजी, ती बोलली असती तर बरं झालं असतं. त्या बघण्यापायी कुठलीही मिळेल ती नोकरी धरायची असं मी ठरवलं.

नोकरीसाठी बायोडेटा लिहायला बसलो, तर तुमची धाकटी आली (तुम्ही मला ओळख देत नसलात तरी ती अजून मामा म्हणते, हे तिचे उपकार). मी उंची, वर्ण आणि एकत्र कुटुंबाची आवड इथपर्यंत आलो होतो. तिने कागद वाचला आणि म्हणाली, मामा, हा लग्नाचा झाला, नोकरीच्याला रेझ्युमे म्हणतात. शिवाय त्यात काय काय काम केलं ते सांगायचं नसतं, काय साधलं ते सांगायचं असतं, आणि तेही आकड्यांत. मी पुष्कळ विचार करून लिहिलं, 'बावीस वर्षांत सुमारे अठरा हजार लोकांची माफी मागितली.' पोरीने कपाळाला हात लावला. मग तिने ते खोडून 'अठरा हजार ग्राहकांशी विश्वासाचं नातं जोडलं' असं केलं. ते वाचून मलाच माझा हेवा वाटला. असा माणूस कुठे राहतो याची चौकशी करावीशी वाटली.

पण सोबतचं कव्हर लेटर तिने माझ्यावर सोपवलं, आणि तिथे घोळ झाला. एका पानात, नेमकं, ज्या कंपनीला लिहितोय तिची नीट माहिती काढून, आपण त्यांच्या काय कामाचे ते लिहायचं, एवढं सांगून ती गेली. मी माहिती काढली. कंपनी गाद्या बनवते. मान्यवर महोदय एवढं लिहून झालं आणि पुढे माझ्या हाताने माझं ऐकलंच नाही. 'माझ्या अर्जामुळे आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे. आपल्यासारख्या कंपनीने असा उमेदवार अपेक्षिला नव्हता, याची मला पूर्ण जाणीव आहे. माझ्यात दोष आढळल्यास विनाविलंब परत पाठवावे.' असं शेवटपर्यंत. खाली सही केली, पाठवून दिलं आणि झकास जमलं म्हणून हिला वाचून दाखवलं. ती भाजी निवडायला घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

तुम्हाला या शैलीचा अनुभव आहेच. तुमच्या नव्या घरात आमचाच गिझर लावा म्हणून मीच मागे लागलो होतो. पाणी तापलं नाही आणि तुम्ही तापलात. तुम्ही कंपनीला जे पत्र लिहिलंत (त्यात 'माझा एक नातेवाईक आपल्याकडे नोकरीला आहे, ही आपली दुसरी त्रुटी' असं होतं) ते फिरत फिरत माझ्याच टेबलावर आलं. त्याला मी उत्तर धाडलं की आपल्यासारखे चोखंदळ ग्राहक हीच आमची संपत्ती. त्या दिवसापासून आपलं बोलणं ताईमार्फत चालतं.

तर, गादीवाल्यांनी मला बोलावलं. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या की सगळ्यांनी आपापली थोरवी गायली होती, तुमचा अर्ज मात्र आम्ही जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचला. मी खुर्चीत बसलो, खुर्ची करकरली, मी खुर्चीची माफी मागितली. तुमच्यात गुण काय, असं विचारल्यावर मी पोरीने लिहिलेला कागद पुढे केला. दोष विचारल्यावर मात्र सवयीने बोलून गेलो की ही वस्तूतली त्रुटी नसून हाताळणाऱ्याची चूक असावी. बाई इतक्या हसल्या की शेजारच्याने पाणी आणलं. त्यांच्याकडे रात्रभर झोप न झालेली माणसं सकाळी सकाळी फोन करतात, आणि त्यांच्याशी नमतं घेऊन बोलेल असं त्यांच्याकडे कोणी टिकत नाही. थोडक्यात, काम झाल्यातच जमा आहे. एक किरकोळ बाब तेवढी राहिली आहे, पण तिच्यासाठी तुम्हाला कशाला त्रास द्यायचा.

ताईला नमस्कार, धाकटीला आशीर्वाद, गुडघ्याला आराम.

तुमचा,
मेव्हणा

ता. क. ती किरकोळ बाब अशी. बाईंनी विचारलं की तुम्ही शांत केलेलं सगळ्यात चिडलेलं गिऱ्हाईक कोण, आम्ही त्यांच्याशी बोलू. अठरा हजारांतलं एकही नाव मला आठवेना, दाजी. तोंडातून तुमचंच आलं, नंबरासकट. सोमवारी सकाळी फोन येईल. माझ्या उत्तराने तुमचं पूर्ण समाधान झालं, एवढंच सांगायचं आहे.

ता. क. दुसरा. खोटं बोलायचं तुमच्या जिवावर येईल हे मी जाणून आहे. म्हणून आमच्या विभागाबरोबर घरी बसलेला फिटर रविवारी तुमच्याकडे पाठवतोय. तो गिझर उघडेल. त्याला काही बोलू नका, त्याने तो बनवलेला नाही.

ता. क. तिसरा. धाकटीने हे पत्र वाचलं आणि विचारलं, मामा, यात बाबांची माफी कुठे आहे? मी पुन्हा वर जाऊन शोधली. खुर्चीची सापडली. पोटासाठी एवढी वर्षं हेच केलं, आणि घरच्या माणसापुढे माझा हात अडला. त्या वेळी कंपनीच्या कागदावर उत्तर धाडण्याऐवजी मी तुमच्या दारात यायला हवं होतं. चुकलो, दाजी. मला तुमची फार आठवण येते. हे कोणाच्या वतीने लिहीत नाही.

ता. क. शेवटचा. फिटर म्हणतो, त्या गिझरचे सुटे भागच बंद झालेत, आता तो कोणालाच दुरुस्त करता येणार नाही. तेव्हा बाईंना जे खरं असेल ते सांगा. तुम्ही अनोळखी नंबर घेत नाही, आणि ओळखीचा माझा तर नाहीच नाही. सोमवारी तेवढा उचला. त्यांचा झाल्यावर लगेच दुसरा वाजेल, तो माझा असेल.