रिकाम्या काट्यावरचे अकरा किलो

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हल्ली खरोखरचा साष्टांग जमतो, मधे पोट येत नाही.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारायचं जिवावर येतं, कारण आठवड्यातून तीन वेळा त्या यंत्राला चार-चार तास जोडून घेऊनही तू दर वेळी मजेत म्हणतेस आणि मग विषय मलाच बदलावा लागतो. तरी रीत म्हणून विचारतो. भावोजींना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्यांना वेगळा सांग. इकडे तुझी भावजय ठीक, तिचं शिवणयंत्र ठीक, माझं काटेदुरुस्तीचं दुकान ठीक. मी स्वतः बराचसा ठीक. पत्र लिहितोय, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू हसतेस, तू हसलीस की मी हसतो, आणि मुद्द्याचं राहून जातं. पत्रात तुला एकटीलाच हसावं लागेल.

सगळं तुला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, नाहीतर माझाच गुंता होईल. माझी किडनी तुला जुळते असं कळलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले की किडनी उत्तम आहे, फक्त ती ज्या माणसात आहे तो जास्त आहे. त्र्याण्णव किलो. चार महिन्यांत ब्याऐंशीवर आलो तर कापणार, नाही आलो तर तू पुन्हा त्या लांबलचक यादीत. मग त्यांनी मला आहाराच्या खोलीत पाठवलं. त्या खोलीत दोघी आहारतज्ज्ञ बाई आळीपाळीने बसतात, एकाच टेबलाशी, एकाच खुर्चीत. टेबलावर प्लॅस्टिकचे पदार्थ मांडलेले असतात: दह्याची वाटी, चीजचा तुकडा, दुधाचा पेला, असं सगळं. सोमवारच्या बाई आल्या आल्या दही, चीज, दूध उचलून खणात कोंबतात. गुरुवारच्या बाई ते खणातून काढून, पदराने पुसून पुन्हा मांडतात. (पुसताना त्या ज्या मायेने पुसतात, तशी माया माझ्या वाट्याला कधी आली नाही.) माझा पहिला वार सोमवार निघाला. बाई म्हणाल्या, दूधदुभतं साफ बंद; साय, लोणी, चीज ही सगळी अंगावर बसायलाच जन्माला आलेली आहेत. त्यांच्याकडे तसा छापील कागदही होता.

ताई, मी सायीचं भांडं खरवडून मोठा झालेला माणूस. तरी बंद केलं. चहा कोरा, भात कोरडा, चेहरा त्याहून कोरडा. घरात तुझ्या भावजयीसाठी विरजण लागत होतं, पण मी फ्रिजकडे पाठ करून जेवायचो. आठव्या दिवशी सकाळी वजन करायला गेलो आणि तिथेच घोळ झाला. चारचौघांसारखी माणसं काट्यावर थेट उभी राहतात. आम्ही धंदेवाले आधी रिकामा काटा बघतो. मीही सवयीने बघितला. रिकाम्या काट्यावर एक किलो होता.

आपला न्हाणीघरातला काटा तू पाहिला आहेस, बसका, तबकडीचा, वीस वर्षांत केसभर न हललेला. मला त्याचा अपमान झाल्यासारखं वाटलं. मी स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली आणि दाढी करायला लागलो. तेवढ्यात स्वयंपाकघरात तुझ्या भावजयीने फ्रिज उघडला, आणि आरशात मला दिसलं की सुई हळूहळू शून्याच्या खाली उतरते आहे. खाली, ताई. एक किलो खाली. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच असतो: काट्यावर काहीतरी ठेवलेलं असताना तुम्ही शून्य लावलंत, आणि आता ते उचललं गेलं. मी गालाला साबण तसाच ठेवून उभा राहिलो. न्हाणीघरात मी होतो, बादली होती आणि तांब्या होता, आणि बादली-तांब्या जागच्या जागी होते.

सुई पुन्हा शून्यावर आणली आणि काटा उचलून दुकानात नेला. पितळी वजनांची पेटी उघडली, एकेक वजन फडक्यात धरून ठेवलं: पाच, दहा, वीस. चोख. रिकामा काटा शून्य. तासभर डोळ्यांत तेल घालून बसलो, सुई हलली नाही. घरी आणून स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवला, तरी शून्यच. मी हुश्श केलं आणि पाणी प्यायला वळलो. वळून पाहतो तर सुई चढत होती. कोणी एकदम उभं राहिलं की सुई उडी मारते. ही तशी चढली नाही. आधी थोडी चढली, थांबली, मग उरलेली चढली, म्हणजे आधी एक पाय आणि मग दुसरा. दुकानात मी स्वतःचं वजन केलं होतं ते ब्याण्णव. पहिल्या दिवशीचं त्र्याण्णव. बेरीज तुला येते.

पुढचं थोडक्यात लिहितो (इथे तू घड्याळाकडे बघितलंस हे मला ठाऊक आहे). महिना संपला तेव्हा मी एकोणनव्वद होतो आणि रिकामा काटा चार. तुझ्या भावजयीला सांगितलं, तर तिने आधी टेपने माझी कंबर मोजली, दोन इंच कमी भरली, मग म्हणाली की तुमचं तुमच्या अंगावरून गेलंय एवढं मला पुरे, कुठे गेलंय ते मला नका सांगू. पण त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात शिरताना आधी चप्पल वाजवते. त्यातच माझा पुढचा वार गुरुवार आला. गुरुवारच्या बाईंनी प्लॅस्टिकचं दही माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, सोमवारी काय सांगितलं ते विसरा, दही-पनीर भरपूर खा, पोट भरलेलं राहतं, वजन आपोआप उतरतं. त्यांच्याकडेही छापील कागद होता. मी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. दोन्हींचा ठसा इतका सारखा की एकाच यंत्रावर छापले असावेत. मला काय, मी पडत्या फळाची आज्ञा समजून दोन वेळा वाटी-वाटी दही ओरपायला लागलो.

तीन आठवडे वजन जागचं हललं नाही. मी एकोणनव्वद, रिकामा काटा चार, दोघेही अडून बसलेले. आणि घरात रुसवा सुरू झाला. मी जेवायला बसलो की स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल आपल्या जागेवरून वीतभर सरकलेलं सापडायचं. दुपारी भर उन्हात, सगळी दारं-खिडक्या उघडी असताना, विरजणाच्या भांड्यावरचं झाकण कोणी हलकेच उचलून पुन्हा ठेवल्याचा आवाज यायचा. मी जाऊन पाही, तर दही लागलेलं, गुळगुळीत, आणि मधोमध एक खळगा. चमच्याचा नव्हे. चमच्याला कड असते. शेवटी तुझी भावजय कंटाळली. कोणाला काय पाहिजे ते एकदा देऊन टाका म्हणाली, आणि एका वाटीत दही काढून तिने ते बुटक्या स्टुलावर ठेवलं. मी ती वाटी आधी तोलली होती (मी काय आहे ते तुला ठाऊक आहे). संध्याकाळी वाटी चाटूनपुसून स्वच्छ. आतलं दही एकशे सत्तर ग्रॅम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा काटा चार किलो एकशे सत्तर, आणि मी एकोणनव्वदमधून तेवढाच वजा. इतका चोख व्यवहार मी कुठल्याही बाजारात पाहिलेला नाही.

तर ताई, दूधदुभत्याने वजन कमी होतं की वाढतं, या प्रश्नावर दोघी जणी एका खुर्चीत बसून भांडताहेत, त्याचं उत्तर तुझ्या भावाने शोधून काढलं. होतं, कमी होतं. फक्त ते आपण खायचं नसतं, आपल्या वजनाला खायला घालायचं असतं. मी दूधदुभतं पुन्हा सोडलं आणि रोज सकाळी स्टुलावर वाटी ठेवायला लागलो. सहा आठवड्यांत सात किलो. सोमवारच्या बाईंनी माझी पाठ थोपटली, दूध सोडल्याचा गुण म्हणाल्या. गुरुवारच्या बाई म्हणाल्या, घरात दही आणल्याचा गुण. दोघींना मी हो म्हटलं. गेल्या रविवारी मी बरोबर ब्याऐंशी भरलो. रिकाम्या काट्यावर अकरा. तुझ्या भावजयीने टेप गळ्यात टाकून तबकडीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली की दीड वर्षाचं मूल भरतं एवढं. मग ती आत गेली आणि स्टुलावर घालायला तिने एक छोटीशी गादी शिवली.

सोमवारी हॉस्पिटलात वजन होतं. मुद्दाम सकाळी स्टुलावर दोन वाट्या भरून ठेवल्या, पाय न वाजवता बाहेर पडलो, दार ओढून घेतलं. तिथल्या नर्सबाईंनी काट्यावर उभं केलं. पँट दोन ठिकाणी आत घेऊनही पिनेवर लटकत होती, शर्टात आणखी एक माणूस मावला असता, आणि सुई ब्याऐंशीवर येऊन थांबली. मी तुला फोन लावायला खिशात हात घातला. तेवढ्यात पावलांवर भार आला. लहानपणी आपण बाबांच्या पावलांवर पावलं ठेवून उभे राहायचो ना, तसा. आधी एक, मग दुसरं. सुई चढून त्र्याण्णवला टेकली. नर्सबाईंनी माझ्या पँटकडे पाहिलं, तबकडीकडे पाहिलं, खिसे रिकामे करायला सांगितले, चपला काढायला सांगितल्या, शेवटी स्वतः उभ्या राहून पाहिलं आणि स्वतःचं वजन बघून पटकन खाली उतरल्या. वहीत त्र्याण्णव लिहिलं. डॉक्टरांनी येत्या मंगळवारी सकाळी पुन्हा बोलावलंय. शेवटचं. त्यानंतर ते दुसरा दाता शोधा म्हणणार, आणि दुसरा दाता नाही हे तुलाही माहीत आहे, मलाही.

तर एकूण असं चाललंय. बाकी सर्व कुशल. भावोजींनी जिन्याची घाई करू नये. तू पाणी मोजून पीत असशीलच.

तुझा धाकटा

ता. क. १. एक छोटीशी विनंती. मंगळवारी सकाळी तुमच्याकडे एक वाटी दही काढून खाली, फरशीवर ठेवशील का? तुला दही वर्ज्य आहे हे ठाऊक आहे, तू खायचं नाहीस, नुसतं ठेवायचं. आंबट नको. आणि दार आतून लावून घे.

ता. क. २. वर एक गोष्ट लिहायची टाळली. सुई त्र्याण्णवला टेकली तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभरच, पण खरोखर बरं वाटलं. आता कोणी कापणार नाही, आणि दोष माझा नाही, काट्याचा आहे, असं मनात आलं. ताई, मला फार भीती वाटते. भूल देतात त्याची, टाक्यांची, मागे एकच उरेल त्याची. चार महिने तुला विनोद सांगतोय, पण हे सांगितलं नाही. तू फोनवर नाही जमलं तर राहू दे रे असं म्हणतेस ना, ते आता म्हणू नकोस. तू तसं म्हणालीस की इकडे स्टूल सरकतं.

ता. क. ३. पाकीट पोस्टात टाकत नाही. बंद केल्यावर सवयीने काट्यावर ठेवलं. अकरा किलो भरलं. स्टूल रिकामं आहे, वाटीतलं दही जसंच्या तसं आहे. पोस्टातला काटा मीच नीट करून दिलेला आहे, तो खोटं बोलणार नाही, म्हणून तुझी भावजय स्वतः घेऊन येते आहे, दोन्ही हातांनी धरून. हा चिठोरा बंद पाकिटाच्या फटीतून आत सरकवतो आहे, तेव्हा तू हे वाचते आहेस म्हणजे पाकीट उघडून झालं आहे. घाबरू नकोस, त्याला तुझी सवय लागेल. त्याच्याशी बोल. मंगळवारी दुपारपर्यंत त्याला काहीही करून तुझ्यापाशी बसवून ठेव, इकडे येऊ देऊ नकोस. ते आलं तर मला नाही म्हणवणार नाही, मी त्याला पावलांवर घेईन.