वाचून झाल्यावरचे आभार

३ ऑक्टोबर
आले एकदाची! खाडीच्या टोकाला थोरगेर्दुर म्हातारीचं घर, खिडकीत समुद्र आणि लिहायला ऐसपैस टेबल. काम एवढंच: संध्याकाळी ती लोकर विणत बसली की मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवायचं, पूर्वी शेतघरांत वाचायचे तसं. बाकी दिवसभर माझी कादंबरी. आमच्या आइसलंडमध्ये दगड उचलला तरी खाली लेखक सापडतो, पण अशी चैन कितीजणांच्या नशिबी? आईला फोन केला तर म्हणाली, "एदिस, यंदा तरी संपव बाई ती."

१९ ऑक्टोबर
म्हातारी कान देऊन ऐकते, माझ्याबरोबर ओठ हलवते. वाचन संपलं की मात्र चकार शब्द काढत नाही. आज नाश्त्याला सुक्या माशावर लावायचं ते पिवळं, मऊ... त्याचं नाव काही केल्या आठवेना. काल तिला वाचून दाखवलेल्या पानावर तर होतं! झोप कमी पडतेय बहुतेक.

२ नोव्हेंबर
शेजारचा होस्कुल्दुर दूध द्यायला आला. हल्ली माझे शब्द हरवतात, असं त्याला गमतीनं सांगितलं. त्यानं विचारलं, वाचून झाल्यावर ती आभार मानते ना? मी नाही म्हटलं. तो पांढराफटक पडला. "अगं पोरी, ऐकणाऱ्यानं आभार मानले की शब्द वाचणाऱ्याकडे परत येतात. नाहीतर तिकडेच राहतात. आजच्या आज नीघ इथून!"
मी हसले. पण संध्याकाळी म्हातारी आत गुणगुणत होती. आवाज तरुण होता. माझा होता.

९ नोव्हेंबर
बर्फानं रस्ता बंद. वाचणार नाही म्हणून सांगितलं. म्हातारी गोड हसली. म्हणाली, मग तुझीच कादंबरी वाच की.
आजवर कुणी मागितली नव्हती.
वाचली. अख्खी.

१० नोव्हेंबर
कागद समोर आहेत. अक्षर माझं. एकही ओळ ओळखीची नाही. माणसं कोण, गोष्ट कसली —
तिच्या हातापाया पडले. एकदा आभार मान म्हणाले. ती विणत राहिली.
फार भीती वाटतेय.

११ नोव्हेंबर
पलीकडच्या खोलीत ती फोनवर. माझ्या आवाजात. जिच्या पोटी मी जन्मले, त्या बाईशी. कादंबरी संपली, सांगतेय. फोनमधून त्या बाईचं रडणं ऐकू येतंय — आनंदाचं. बोलणारी मी नाही, हे तिला कळलं नाही. मी इथे आहे. हाक मारायला हवी. सगळ्यांत आधी शिकतो तो शब्द — इवलासा — तो —