मास्तरांचा बेस ट्रॉम्बोन

३ फेब्रुवारी, मंगळवार

नाही परवडणार. दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा मी "बरं" म्हणालो आणि पेटीचं झाकण स्वतःच लावून टाकलं. दोन कळांचा नवा बेस ट्रॉम्बोन, खर्जात वाजणारा. वाजवून दाखवा असंही म्हटलं नाही – ऐकला असता तर पंचाईत झाली असती.

"किती वर्षं वाजवताय?" त्याने विचारलं. पाच महिने म्हटल्यावर त्याने हसू दाबलं. "मग साधाच घ्या ना काका. हलका असतो. बेसला फार हवा लागते."

साधा आहे माझ्याकडे. बस डेपोच्या कपाटातला, उसना. मला साधा नको आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

का नको, ते एकदा लिहून ठेवतो. कुणी विचारलं की मी नुसता उभा राहतो.

बायको बावीस वर्षं बस चालवत होती आणि डेपोच्या बँडमध्ये बेस ट्रॉम्बोन वाजवत होती. ड्यूटीवरून आली की मागच्या खोलीत जायची, दार लावून घ्यायची. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत असायचो. तो आवाज दारातून यायचा, भिंतीतून यायचा, ओट्यावरची झाकणं हळूच थरथरायची. आम्ही दोघंही कमी बोलणारे. दिवसभरातली तिची माझी खरी गाठ पडायची ती तेव्हाच – मध्ये बंद दार ठेवून.

वाद्य डेपोचं होतं. एप्रिलमध्ये ती गेली. तिसऱ्या आठवड्यात दोन माणसं आली, मीच पेटी जिन्यावरून खाली नेऊन दिली, सही केली. कुणी घाई केली नव्हती. इतका शहाणपणा कशाला केला मी! आता तो दुसऱ्या डेपोत गेला आहे, तिथे कुणीतरी वाजवतो म्हणे.

मला तो आवाज घरात परत हवा आहे. एवढंच आहे ते.

८ फेब्रुवारी, रविवार

मेहुणी आली. आल्या आल्या सुरू – "भाऊजी, खाली तुमचे शेजारी भेटले. विचारत होते, घरात म्हैस बांधली आहे का!"

मी म्हटलं, "दुभती आहे म्हणून सांग."

खूप हसली. मग मागच्या खोलीच्या दाराकडे वळली. म्हणाली, "ताई वाजवायची तेव्हा मला पोटात कळायचं. तुमचं नुसतं कानात कळतं."

"हा साधा आहे. बेस हवा."

"हवा ना? मग हे घ्या." पर्समधून चिठ्ठी काढली. तिच्या ऑफिसच्या फलकावरून उतरवून घेतली होती. 'बेस ट्रॉम्बोन, एक कळ, जुना, उत्तम स्थितीत. वाजवणाऱ्यालाच देणे आहे.' खाली फोन नंबर.

वाजवणाऱ्यालाच! पाच महिने मोजतात का त्यात?

११ फेब्रुवारी, बुधवार

गेलो होतो. दुसरा मजला, मुलीकडे राहतात. अग्निशमन दलाच्या बँडचे मास्तर होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. उंच, सरळ पाठ, इस्त्रीचा शर्ट. बोलताना हात तोंडाशी.

ट्रॉम्बोन जुना आहे पण जपलेला. पितळेवरचा मुलामा अंगठ्यापाशी उडाला आहे. मास्तरांनी स्लाइडवर, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या नळीवर, पाण्याचे दोन फवारे मारले, उभी धरली आणि बाहेरची नळी सोडून दिली – ती न अडखळता खाली आली. "हे बघायचं पहिलं. बाकी पॉलिश-बिलिश काही खरं नाही." कळ एकच असल्याने अगदी खालचा एक सूर त्यात निघत नाही, तेही त्यांनी आपण होऊन सांगितलं. "तो सूर लागेपर्यंत तुम्हाला पाच वर्षं आहेत. काळजी नको." किंमत विचारली. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, इतकी कमी.

"का विकताय?"

"दम राहिला नाही."

पण मी ऐकत होतो ते वेगळंच. 'स' म्हणताना बारीक शिट्टी. शब्द संपताना खालचा ओठ पटकन मिटायचा, काहीतरी सावरल्यासारखा. सव्वीस वर्षं कवळ्या करतोय मी. माणूस दारातून आत येईपर्यंत मला कळतं, खालची कवळी बसते की तरंगते. यांची तरंगत होती. वरचे पुढचे दातही फार आत बसवलेले – ओठाला मागून आधारच नाही. असं तोंड घेऊन ट्रॉम्बोन काय, मेणबत्ती फुंकता येणार नाही.

मी म्हटलं, "एक विनंती आहे. तुम्ही आतल्या खोलीत जाऊन, दार लावून वाजवाल?"

"दार लावून? गिऱ्हाईक तर जवळ येऊन ऐकतं."

"मला तसंच ऐकायची सवय आहे."

मास्तरांनी ट्रॉम्बोन उचलला. मग गेले. दार लागलं.

तीन सूर आले. एकापाठोपाठ एक खाली उतरत. तीनच. मी खुर्चीची कड धरून बसलो. तीच! तशीच भिंतीतून येणारी, तशीच पायाला कळणारी. चौथ्याच्या आधी आतून खट् असा बारीक आवाज आला – कवळी सुटल्याचा. मग काहीच नाही.

बाहेर आले तेव्हा तोंडाशी रुमाल होता. "सांगितलं ना, दम नाही."

"घेतो मी," म्हणालो. शनिवारी न्यायचा ठरला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बोललो नाही. बोलायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर दुसऱ्यांची तोंडं समोर होती, डोक्यात एकच. फार काम नाही ते. नवं माप घ्यायचं, पुढचे दात जरा पुढे आणायचे, खालच्या कवळीची कड ओठाचे स्नायू ओढतात तिथे उतरवायची. माप आमच्या डॉक्टरीणबाई घेतील, बाकी मी. चार संध्याकाळी पुरतील.

आणि मग ते ट्रॉम्बोन कशाला विकतील?

हे मी त्यांना आधी पैसे देऊन, नंतरही सांगू शकतो. असं म्हणतोय मी स्वतःला! वा!

१४ फेब्रुवारी, शनिवार

आणला. मास्तर पेटी जिन्यापर्यंत स्वतः घेऊन आले. म्हणाले, "रोज पुसा. बोळक्या तोंडाच्या माणसाने ठेवून काय करायचं?" मुलगी आतून ओरडली, "बाबा, काहीही काय!" ते हसले, हात तोंडाशी. मी नजर जिन्यावर ठेवली.

१५ फेब्रुवारी, रविवार

मागच्या खोलीत गेलो, दार लावलं, वाजवला.

नाही.

सूर लागतो. खालचा, जाड. पण तो माझ्या दातांत, कपाळात, नाकाच्या हाडात वाजतो. भिंतीतून येत नाही. कसा येईल? भिंतीच्या या बाजूला मीच आहे! एवढी साधी गोष्ट पाच महिन्यांत सुचली नाही मला. ती खोलीत असायची आणि मी बाहेर. आता खोलीत मी, आणि स्वयंपाकघरात कुणीच नाही.

मोबाइल ओट्यावर ठेवून रेकॉर्ड केलं. ऐकलं. डबा घासल्यासारखं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मेहुणीला स्वयंपाकघरात बसवून वाजवलं. "कसं वाटलं?" म्हणाली, "सुधारलंय. आता रेडा वाटतो." मग चहाचे कप विसळता विसळता, पाठ करूनच – "भाऊजी, एक विचारू? शिकायचंय तुम्हाला की ऐकायचंय?"

मी स्लाइड पुसायला घेतली.

२२ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांचा फोन. स्लाइड पुसता का, पाणी काढता का, पेटी उन्हात तर नाही ना. सासरी गेलेल्या मुलीची चौकशी करावी तसं. शेवटी म्हणाले, "फोन जवळ ठेवून एक सूर लावा पाहू."

लावला. लांब धरला. थरथरला पण धरला.

पलीकडून काही नाही. फोन तुटला असं वाटलं. मग ऐकू आलं, "छान आहे. ठेवतो." आवाज कसा होता ते मला लिहिता येत नाही.

वाद्य जिवंत आहे, माणूसही आहे, आणि मध्ये फक्त वाईट बसवलेले अठ्ठावीस दात. नेमकं तेच मला दुरुस्त करता येतं. मी माझ्या माणसासाठी दुसऱ्याचं तोंड बंद करून ठेवलं आहे. ती असती तर एक शब्द बोलली नसती. नुसतं बघितलं असतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सुटी घेऊन गेलो. पेटी बरोबर नेली नाही – भ्यालो. मुलगी कामाला गेली होती, मास्तर एकटे होते.

म्हटलं, "मास्तर, तुमचा दम उत्तम आहे. कवळी वाईट आहे."

हात लगेच तोंडाशी. "तुम्हाला काय माहीत?"

"माझा धंदाच तो. कवळ्या करतो मी."

"फोनवर कळलं?"

"पहिल्या दिवशी."

 खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, होत नव्हती.

"पहिल्या दिवशी कळलं," मास्तर म्हणाले, "आणि पेटी घेऊन गेलात."

"हो."

"अहो, मी घरातल्यांशीसुद्धा बोलत नव्हतो. वाटलं, संपलं आपलं. छाती गेली. रोज सकाळी श्वास मोजत होतो मी!" त्या 'स'ची शिट्टी वाजली आणि ते आणखी चिडले. "असे कसे हो तुम्ही? दिसता तर सभ्य."

मी म्हटलं, बायको वाजवायची. एवढंच सांगता आलं. दार लावून का ऐकलं, तेही मग सांगितलं, तुटक तुटक. ते ऐकत होते की नाही, माहीत नाही. खिडकीकडे तोंड होतं.

निघालो तेव्हा म्हणाले, "चपला नका घालू अजून."

खिडकीपासून येऊन खुर्चीत बसले. कवळी काढून टेबलावर ठेवली, दिव्याखाली. तोंड पार आत गेलेलं, दुसराच माणूस. हात मात्र मांडीवर होते.

"बघा मग," म्हणाले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

माप झालं. मेणात दात बसवले. मास्तरांचा तिशीतला गणवेशातला फोटो समोर ठेवला आहे, ओठ कसा होता ते बघायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे पेशंट कोण? इतका वेळ एका दातावर!"

ओळखीचे, म्हणालो.

४ मार्च, बुधवार

मेणाची जोडी घालून मास्तरांनी ट्रॉम्बोनचा ओठाला लावायचा माउथपीस नुसता फुंकला. सुटली नाही. दोनदा, तीनदा. मग माझ्या दंडावर जोरात चापट मारली. दुखतोय अजून.

८ मार्च, रविवार

पक्की कवळी बसवली. ट्रॉम्बोन घेऊन गेलो होतो. मास्तर न सांगता आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं – माझ्यासाठी.

अर्धा तास वाजवत होते. त्यांची मुलगी कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिली.

बायकोचा आवाज नव्हता तो. पहिल्या दिवशी ते सूर तिचे वाटले, कारण तीनच होते, बाकीचं मी भरलं होतं. आज सगळं वाजलं आणि सगळं मास्तरांचं होतं. फार सुंदर. मी शेवटपर्यंत बसलो. ट्रॉम्बोन तिथेच ठेवला. पैसे देऊ लागले, घेतले नाहीत. गुरुवारपासून शिकवणार आहेत, डेपोच्या साध्यावर.

थांब्यावर ती चालवायची त्या मार्गाची बस आली. दहा महिने ती बस मी सोडून देतोय, दुसरीने नाहीतर पायी जातोय. आज चढलो.