शालूखालचा रिपोर्ट

गुरुवार, दिवेलागण. रहिमतपूर

आज ह्यांना सांगलीला, विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मानेतल्या गाठी लिम्फोमाच्या निघाल्या, म्हणजे कॅन्सरच. बाईंनी विचारलं, "आधी कधी कॅन्सर झाला होता?" हे चटकन म्हणाले, "न्हाई म्याडम. कानावर चामखीळ हुती, ती तेवढी काढली."

चामखीळ. मीच तसं सांगितलेलं. तो कातडीचा कॅन्सर होता, हे फक्त मला आणि माझ्या भावाला माहीत. तेव्हा आमच्या लेकीचं, रेश्माचं लग्न जमत आलेलं. घराण्यातच हाय म्हणून पाहुणे मागं फिरले असते. रिपोर्ट पेटीत, माझ्या शालूखाली ठेवला. लग्न झालं, नातू झाला, रिपोर्ट तिथंच. पुन्हा तपासायला बोलावलं होतं. बरं झालंय की, म्हणून तेही टाळलं.

आज बोलावंच लागलं, ह्यांच्यादेखत. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, प्रतिकारशक्ती कमी पडली की दोन्हींना वाट मिळू शकते, उसावरच्या फवारणीचंही असेल, नक्की कुणी सांगू शकत नाही. पण एक झाला की दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं असतं.

ठेवलं असतं तर? विचारायचा धीर झाला नाही.

येताना एस.टी.त हे खिडकीबाहेर बघत कान चोळत होते. तोच कान. कराड मागं पडल्यावर म्हणाले, "मला तरी सांगायचं हुतंस गं. पोरीसाठी मीबी चामखीळच म्हटलं असतं."