आपलाच भोपळा विकत घेणारे

वालचंदनगर,
सोमवार

प्रिय मार्था,

ख्रिस्तात तुला सलाम, दारच्या कोंबड्यांनाही. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

आधी हे वाच: सूनबाईचे वडील, सावळारामतात्या, आले. "पोरगी येड्या लोकांत पडली," म्हणत लग्नापासून ते कन्हेरीहून इकडं फिरकले नव्हते. स्वरूपा बोलत नसे, पण सणासुदीला फाटकाकडे बघत बसे.

काल चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती होती. सावळारामतात्या मागं चपलांजवळ उभे. इकडं काम होतं, म्हणाले. प्रार्थनेनंतर आपल्या चालीप्रमाणं वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. आपल्या आशिषनं स्वतः वाहिलेल्या भोपळ्यावर स्वतःच चढी बोली लावली, तशी तात्या मला म्हणाले, "पाव्हणं, सोताचाच भोपळा इकत घेताय? ह्यो येडेपणा हाय."

"हाय खरा," मी म्हटलं. "पण देवाला दिला. आता फुकट कसा न्यायचा?"

 तात्यांनी हात वर करून जावयाच्या वर बोली लावली. आशिष आणखी बोलणार, तोच मी त्याला चिमटा काढला.

भोपळा काखेत धरून तात्या लेकीला म्हणाले, "आता ह्यो गावाकडं कुठं नेऊ? शिजव. जेवूनच जातो."

तुझा गुडघा कसा आहे? आता तरी निवांत झोप.

स्वरूपाच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं. तात्यांनी ती दोनदा वाढून घेतली.

तुझाच भाऊ,
याकोब