तळखडक, साडू आणि मी

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
आजपासून रोजनिशी. घरात माझं ऐकून घ्यायला कोणाचे कान मोकळे नाहीत, सगळ्यांवर हेडफोन आहेत.
बायको, तिची धाकटी बहीण आणि त्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, असे तिघं मिळून वर्षभर एका गेममध्ये ठोकळ्यांचं गाव बांधतायत. मलाही बोलावलं होतं. मी पोरखेळ म्हणालो होतो. आजही तेच मत आहे.
पण आज साडूने तळखडक मिळवला. हा दगड गेममधल्या जमिनीच्या अगदी तळाशी असतो. कुठल्याही हत्याराने फुटत नाही, पिशवीत येत नाही. तो कोणाला मिळूच नये अशी गेमवाल्यांनी सोय केलीय. साडूने गेममधली कुठलीशी चूक, म्हणजे ग्लिच, हेरून त्याचा एक तुकडा काढला.
बायको वा म्हणाली. इतक्या जोरात, की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. मी इतक्या वर्षांत हजारो कुलपं उघडली. एकदाही वा नाही.
मला हेवा वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

४ फेब्रुवारी
गेममध्ये शिरलो. फक्त पाहणी.
तळखडक साडूच्या अंगणात चौथऱ्यावर ठेवलाय. करडा, ठिपक्याठिपक्यांचा. त्यात बघण्यासारखं काही नाही. वीस मिनिटं बघितला.

५ फेब्रुवारी, दुपार
साडू पाण्याचे मीटर वाचतो. मी कुलपं उघडतो. मग जे मिळू नये ते मिळवण्याचा पहिला मान कोणाचा?
संकल्प: आठ दिवसांत तळखडक. साडूपेक्षा मोठा. (सगळे एकाच मापाचे असतात असं कळलं. मग साडूपेक्षा चांगला.)
बायको म्हणाली, त्यालाच विचारा ना, दोन मिनिटांत सांगेल. मी म्हणालो, मला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.

६ फेब्रुवारी
या २८ तारखेला दुकानाला पंचवीस वर्षं होतील. घरात कोणाला आठवण नाही. मीही करून देणार नाही. बघू या, कोणाचं किती प्रेम आहे ते.

८ फेब्रुवारी
व्हिडिओ पाहून पद्धत समजली. खडकाला लागून पेटी ठेवायची. पेटी उघडी असताना पिस्टन नावाच्या ठोकळ्याने तिला ढकलायचं आणि नेमक्या त्याच क्षणी गेममधून बाहेर पडायचं. परत आत आलं, की गेमचा गोंधळ उडतो आणि खडक पेटीत सापडतो. सगळा खेळ क्षणाचा. माझ्या बोटांना क्षण कळतो, तो माझा धंदाच आहे.
उद्या काम फत्ते.

९ फेब्रुवारी
खडक आला नाही. पेटी गेली. पेटीत बायकोची रंगीत काच होती, तिने महिनाभर जमवलेली. काच कुठे गेली, असं तिने विचारलं. मी म्हणालो, गावात चोर सुटलेत.
गावात आम्ही चौघंच आहोत हे नंतर लक्षात आलं.

१२ फेब्रुवारी
दातांच्या डॉक्टरीणबाई घराबाहेर अडकल्या. त्यांचे तीन फोन आले. ऐन वेळी पिस्टन चालू होता, त्यामुळे पाऊण तास उशीर झाला. दार मात्र चाळीस सेकंदांत उघडलं.
उघडता उघडता त्यांना समजावलं, की फट ठेवणारा दोषी असतो, फट शोधणारा नाही. त्या म्हणाल्या, असेलही, पण मी तुम्हाला माझंच दार उघडायला बोलावलं होतं.
शिकलेल्या माणसांना मुद्दा लवकर कळत नाही.

१४ फेब्रुवारी
बायकोने ओढ्यावरच्या पुलासाठी गेममध्ये लाकडं तोडून मागितली. उद्या देतो म्हणालो.

१५ फेब्रुवारी
पूल साडूने बांधला. कठडेसुद्धा केले. बायको तीनदा त्यावरून गेली. एकदा गेलं की पुरे असतं.
मी ओढ्यातून चालत गेलो. पाय ओले होत नाहीत, गेम आहे.

१७ फेब्रुवारी
मामला गंभीर आहे. गेममधल्या गावाच्या चौकात, कोपऱ्यावर बायको एक नवीन खोली बांधतेय. दाराला खोल कमान, खिडक्यांना आतून पडदे, दार लोखंडी. मी विचारलं, काय आहे? म्हणाली, अजून नाही सांगायचं.
साडू मात्र खुशाल आतबाहेर करतो.
लोखंडी दार हाताने उघडत नाही, कळ कुठेतरी लपवलीय. मी मनात आणलं असतं तर शोधली असती. तासभर मनात आणलं. मग सोडून दिलं. माणसाला तत्त्वं असावीत.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
बायको हेडफोनमध्ये बोलत होती. मी शेजारीच मोजे शोधत होतो. ऐकलेलं जसंच्या तसं लिहितो: काउंटर अजून थोडा खाली घे. हो, पाटी मोठी हवी. त्यांच्या कामाला शोभली पाहिजे.
त्यांच्या! म्हणजे साडूच्या. एरवी त्याला अरेतुरे करते, कौतुक करायचं असलं की त्यांच्या.
मोजे पायातच होते.

२० फेब्रुवारी
साडूच्या चौथऱ्यावरचा तळखडक गायब. विचारलं तर म्हणाला, त्या खोलीत बसवला, दादा. आधी चौथऱ्यावर बसवला होता, तो ग्लिच लावून पुन्हा काढायला दोन दिवस लागले.
आता सगळं स्पष्ट झालं. खोली म्हणजे साडूच्या दगडाचं संग्रहालय. माझ्या बायकोने बांधलेलं. माझ्याच घरातल्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर.
जेवण गेलं नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

२१ फेब्रुवारी
वाईट बातमी. १ मार्चला गेमचं अपडेट येणार, ही चूक दुरुस्त होणार. म्हणजे जगात साडूकडे तळखडक आणि माझ्याकडे काही नाही, अशी परिस्थिती कायमची होईल.
संकल्प: रोज दुपारी दुकान दोन तास बंद. शटर ओढून आत लॅपटॉपवर गेम.

२३ फेब्रुवारी
ग्लिच लागला! पण खडकाऐवजी गाढव पेटीत सापडलं. मूळचं गाढव शेजारी उभंच होतं. आता दोन गाढवं आहेत. दोन्ही माझ्याकडे एकटक बघतात.
मेव्हणी म्हणाली, भाऊजी, तुम्हाला सोबत झाली. तिला नवऱ्याचं वारं लागलंय.

२५ फेब्रुवारी, दुपारी १.४०
मिळाला.
मिळाला, मिळाला, मिळाला. पिशवीत तळखडक.
सांगायला दुकानात कोणी नव्हतं. सायकलच्या कुलपाची किल्ली करायला एक गिऱ्हाईक शटर वाजवत आलं, त्याला सांगितलं. त्याने विचारलं, किल्ली कधी मिळेल?

२६ फेब्रुवारी
कुठे मांडावा, याचा दिवसभर विचार. एकदा ठेवला की ठेवला. उचलायला पुन्हा ग्लिच लावावा लागेल, आणि माझा तो अठरा दिवसांतून एकदा लागतो. अपडेटला उरलेत दोन.
चौथरा नको, नक्कल दिसेल. साडूच्या नजरेत रोज खुपेल अशी जागा हवी.

२७ फेब्रुवारी, दुपार
जागा सापडली. त्या खोलीची कमान. उंबऱ्यावर, बरोबर लोखंडी दारासमोर. वर फट राहते, पण माणूस मावत नाही. मापं माझी आहेत, चुकत नाहीत.
आता बसा म्हणावं आपल्या संग्रहालयाबाहेर. बांधणाऱ्यालाही आत जाता येणार नाही असं दार जगात आजवर कोणी केलं नसेल. पंचवीस वर्षांतलं माझं सर्वांत पक्कं काम.
उद्या दुकानाचा दिवस. अजूनही कोणाला आठवण नाही. माझी काही तक्रार नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी सात
लिहायचं नव्हतं. लिहितो.
जेवणाआधी बायकोने मला खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हाताने माझ्या कानांवर हेडफोन चढवले. म्हणाली, चला, चौकात चला. तिकडून मेव्हणी आणि साडू. सगळे त्या खोलीकडे निघाले. मला कमानीत आणून उभं केलं, आणि सगळे थांबले.
मेव्हणीने विचारलं, हे काय मध्येच?
साडू जवळ गेला. मग म्हणाला, दादा, तळखडक! तुम्हाला जमला! कुठल्या पद्धतीने? त्याला खरोखर आनंद झाला होता. आवाजावरून कळतं. तो जळला असता तर मला बरं वाटलं असतं.
मग त्याला कळलं, दगड कुठे आहे ते. मग मेव्हणीला कळलं. बायकोला आधीच कळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, स्क्रीनकडे नाही.
तिने कुऱ्हाड काढली आणि बाजूची भिंत फोडली. चार ठोके. माझ्या अठरा दिवसांच्या कामाला वळसा घालायला तिला एक मिनिटही लागलं नाही. म्हणाली, या आत.
आत माझं दुकान होतं. किल्ल्यांचा फळा. लहान कुलपं वर, मोठी खाली, जशी मी लावतो. कोपऱ्यात तिपाई, तिचा एक पाय तोकडा, खरा आहे तसाच. भिंतीवर पाटी: पंचवीस वर्षं, एकही दार उघडायचं राहिलं नाही. आणि काउंटर म्हणून साडूचा तळखडक. साडू म्हणाला, तुमच्या काउंटरला कोणी हलवू नये, म्हणून दिला, दादा.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात महिनाभर नुसता उजेडच उजेड होता.
मी म्हणालो, छान आहे. बायको म्हणाली, काच असती तर खिडकी रंगीत झाली असती.
काचेचं मी तिला सांगितलं. आधीच माहीत होतं म्हणाली.

१ मार्च
अपडेट आलं. ग्लिच बंद. दारातला दगड आता कोणालाही काढता येणार नाही. मलाही नाही.
बायकोने फुटलेल्या भिंतीत लाकडी दार बसवलं. कुलूप लावलं नाही. मी लावू का विचारलं. नको म्हणाली.
आज दुपारी खरं दुकान उघडं ठेवलं. सायकलवाल्याची किल्ली करून दिली.
संध्याकाळी गेममधल्या दुकानात बसलो. समोर माझा दगड, हाताखाली साडूचा. सारखेच दिसतात. खूप वेळाने पहिलं गिऱ्हाईक आलं, साडू. बाजूच्या दाराने. एक भक्कम कुलूप द्या म्हणाला. मी विचारलं, कोणापासून जपायचंय?
म्हणाला, दादा, तुमच्यापासून.
बायको हसली. इतक्या जोरात, की मला हेडफोनमधूनही ऐकू आलं आणि शेजारूनही.
कुलूप दिलं. चांगलं दिलं.